दाभोशाची बाई

सकाळी ६
होळीचा आठवडा आहे. भातकापणी आणि दिवाळी उरकली की जव्हार-मोखाड्यातले पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि शिमग्याला चार दिवस तरी घरी येतात. ज्याला काही विचारायचं आहे, त्याने या चार दिवसांत विचारून घ्यावं.

मला विचारायचंय ते जुनं आहे. उपनिरीक्षक म्हणून नवा होतो, तेव्हा दाभोशाच्या धबधब्याखाली, लेंडी नदीच्या खडकांत एका बाईचं प्रेत मिळालं. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्या आधीची ही गोष्ट, आम्ही तेव्हा ठाणे ग्रामीणचे.

सकाळी ७
चहा घेता घेता कागद पुन्हा वाचतो. कडा सुमारे तीनशे फुटांचा, त्यामुळे बाई वरून पडली असावी असंच सगळ्यांना वाटलं. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. शवविच्छेदनात गळा आवळल्याचं निघालं आणि खुनाचं कलम ३०२ लागलं. अंगावर लुगडं, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, गोंदलेलं मनगट. महिना मार्गशीर्षाचा. तिला ओळखणारी माणसं तेव्हा भट्टीवर होती.

पुढे ‘अ’ समरी झाली, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. फाईल मिटली असं लोक समजतात. तसं नाही. खुनाला मुदत नसते, आणि नवा धागा मिळाला तर अधिक तपासाची वाट कायद्याने उघडी ठेवली आहे. नवी न्याय संहिता १ जुलै २०२४ ला आली, तरी या गुन्ह्याचं कलम ३०२ च राहणार.

सकाळी ९
हजेरी, एका मोटारसायकल चोरीतला जबाब, दोन फोन. गुन्हे शाखेची रोजची कामं थांबत नाहीत, थांबूही नयेत.

सकाळी ११
पाडा. सोबतचा हवालदार इथलाच, वारली बोलतो. त्याच्याशिवाय माझं कुणी ऐकणार नाही. पोलीस पाटील म्हणाले, “साहेब, गेल्या होळीलाही तुम्ही हेच विचारत होता.” म्हटलं, पाटील, पुढच्या होळीलाही विचारीन.

पूर्वी मी विचारायचो, “कुणी बाई हरवली आहे का?” सगळे माना हलवायचे, आणि ते खोटं नव्हतं. भट्टीवर उचल मिळते ती जोडप्याला, आणि मुकादमाच्या वहीत नाव चढतं पुरुषाचं. बाई विटा थापते, पण तिचं नाव कुठेच लागत नाही. ती दिसेनाशी झाली तर घरच्यांना वाटतं भट्टीवर असेल, भट्टीवाल्याला वाटतं घरी गेली. मिसिंगची तक्रार येणार कुठून? म्हणून आता विचारतो, “भट्टीवर जोडीने गेला आणि एकटाच परत आला, असा कोण?”

प्रश्न बदलल्यावर माणसं गप्प बसतात. या गप्प बसण्यातूनच काही निघेल असं मला वाटतं.

दुपारी १
शेवटच्या घरी एक म्हातारी बोलायला लागली. तिची लेक वसईकडे गेली होती. जावई पुढच्या होळीला दुसरी बायको घेऊन आला. विचारलं तर म्हणाला, ती दुसऱ्याबरोबर गेली. म्हातारीने ते मानलं, कारण न मानून जाणार कुठे? साल तिला सांगता येत नाही. धाकटा नातू तेव्हा नुकता रांगत होता, एवढं आठवतं. गोंदण होतं, पण कोणत्या हातावर ते पक्कं नाही. घाई करायची नाही, मी स्वतःला बजावतो. गोंदण इथे बहुतेक बायकांना असतं.

दुपारी ३
परतताना हवालदाराने विचारलं, “साहेब, इतक्या वर्षांनी उपयोग काय?” त्याला गागोद्याचं सांगितलं. पेण तालुक्यातल्या त्या जंगलात मे २०१२ मध्ये जळके अवशेष मिळाले होते. ते शीना बोराचे, हे बाहेर आलं ऑगस्ट २०१५ मध्ये, आणि तेही एका ड्रायव्हरला दुसऱ्याच, बेकायदा शस्त्राच्या गुन्ह्यात पकडल्यावर. मग दुसरं उदाहरण दिलं. मुंबईचे राजेंद्र भोसले डी. एन. नगर पोलीस ठाण्यातून २०१५ मध्ये निवृत्त झाले. जानेवारी २०१३ मध्ये हरवलेल्या एका मुलीला ते त्यानंतरही शोधत राहिले. ती जिवंत सापडली, ऑगस्ट २०२२ मध्ये.

आमची बाई जिवंत सापडणार नाही. पण तिला नाव मिळालं पाहिजे. आरोपी त्यानंतरचा.

सायंकाळी ६
म्हातारीचं म्हणणं डायरीत घेतलं. दात आणि हाडाचा नमुना तेव्हा जपला होता. त्याच्याशी आईचं रक्त जुळतं का, हे कलिन्याच्या प्रयोगशाळेला विचारायचं पत्र तयार केलं. जावयाकडे अजून कुणी जायचं नाही, अशी पथकाला ताकीद दिली. त्याची होळी झाली की तो पुन्हा भट्टीवर जाईल. कोणत्या, ते पोलीस पाटलांना माहीत आहे.

रात्री ९
हवालदाराला फोन केला. उद्या आठला गाडी पाड्यावर न्यायची, म्हातारीला रक्त द्यायला जव्हारच्या कुटीर रुग्णालयात आणायचं, सोबत महिला शिपाई हवी. म्हातारीची मजुरी बुडू नये, याचीही व्यवस्था करायला सांगितलं.