बालवाडीतील मतदान आणि न बोलणारे मूल

सन १९५१–५२ मध्ये स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा मतदारांपैकी बहुसंख्य लोकांस अक्षरओळख नव्हती. निवडणूक आयोगाने त्यावर योजिलेला उपाय शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी ठेवण्यात आली, पेटीवर त्याचे चिन्ह लावण्यात आले, आणि मतदाराने आपली मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकावयाची, एवढेच त्याचे काम उरले. वाचता येत नाही म्हणून मताधिकार नाही, असे ठरविण्यात आले नाही. मत देण्याची रीतच वाचता न येणाऱ्यास पेलेल अशी करण्यात आली.

बालवाडीत येणाऱ्या तीन ते सहा वर्षांच्या बालकाची स्थिती थोडीफार अशीच असते. त्यास मोजता येत नाही, आपले म्हणणे नीट मांडता येत नाही, आणि घरी जी भाषा कानांवर पडते ती शाळेतील बाईंच्या भाषेहून पुष्कळदा निराळी असते. म्हणून त्यास मतच नसते, असे मानणे चुकीचे आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये बालहक्कांची संहिता संमत केली व भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. तिच्या बाराव्या कलमात मुलाचे म्हणणे त्याच्या वयाच्या व समजुतीच्या मानाने विचारात घ्यावे असे म्हटले आहे. मूल म्हणेल ते करावे, असा त्याचा अर्थ नव्हे. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे व त्यास काही वजन द्यावे, एवढाच आहे.

येथे एक खबरदारी घ्यावयास हवी. लोकशाहीचे शिक्षण म्हटले की पुष्कळ शाळांतून मुलांचे मंत्रिमंडळ नेमण्याची घाई होते. वरच्या इयत्तांत त्याचा उपयोग असेल. परंतु चार वर्षांच्या मुलाच्या सदऱ्यावर ‘आरोग्यमंत्री’ अशी चिठ्ठी लावल्याने त्यास काहीही कळत नाही. त्यापेक्षा आज कोणती गोष्ट सांगावी, हे त्या मुलांनी खरोखर ठरविले आणि तीच गोष्ट सांगितली गेली, तर पुष्कळ साधते.

ते कसे ठरवावे? ‘कावळ्याची सांगू की सिंहाची?’ असे तोंडी विचारणे सोपे, पण फसवे आहे. सन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की दोन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांस तोंडी दोन पर्याय दिले असता ती बहुधा शेवटी उच्चारलेला पर्यायच सांगतात. तेच पर्याय चित्ररूपाने समोर असले, तर तसे होत नाही. वय वाढते तसा हा कल ओसरतो. तरी बालवाडीतील लहान मुलांच्या बाबतीत वस्तू किंवा चित्र समोर ठेवूनच विचारावे, हे बरे. शिवाय, हात वर करावयास सांगितले की मुले बाईंच्या तोंडाकडे, नाही तर वर्गातील एखाद्या धीट मुलाकडे पाहून हात वर करतात. यास्तव दोन वाडगी घ्यावीत, एकावर कावळ्याचे व दुसऱ्यावर सिंहाचे चित्र लावावे, ती फळ्याच्या आडोशाला ठेवावीत, आणि प्रत्येकाने एकेक करून जाऊन आपला चिंचोका हव्या त्या वाडग्यात टाकावा. पहिल्या निवडणुकीतील पेटीची युक्ती ती हीच.

आता मोजणी. ‘नऊ विरुद्ध सहा’ हे आकडे या वयात निरर्थक असतात. इतकेच नव्हे, तर स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिले आहे की चार-पाच वर्षांच्या मुलासमोर सारख्याच संख्येच्या दोन ओळी मांडल्या व त्यांतील एक पसरून लांब केली, तर लांब ओळीत वस्तू अधिक आहेत असे ते मूल सांगते. तेव्हा चिंचोक्यांचे ढीग दाखवू नयेत. कावळ्याच्या एका चिंचोक्यासमोर सिंहाचा एक, अशा जोड्या लावीत जावे. सहा जोड्या लागतील व कावळ्याचे तीन चिंचोके एकटे उरतील. हे उरलेले तीन प्रत्येक मुलास डोळ्यांनी दिसतात. निकाल बाईंनी ठरविला नसून चिंचोक्यांनी ठरविला, हे मुलांस जेथे कळते ती हीच जागा. ती घाईने उरकू नये.

सिंह मागणाऱ्या सहा मुलांचे काय करावे, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. ‘तुम्ही हरलात’ असे म्हणू नये. ‘सहा जणांना सिंहाची गोष्ट हवी आहे, ती उद्या पहिल्याने सांगू’ असे म्हणावे, आणि दुसऱ्या दिवशी ती न विसरता सांगावी. तपासणीस कोणी आले किंवा अन्य कारणाने ते राहून गेले, तर का राहिले ते मुलांस स्पष्ट सांगावे. बाईंनी विचारले, आपण उत्तर दिले आणि पुढे काहीच झाले नाही, असा अनुभव दोन-तीनदा आला की मूल विचारलेल्यास उत्तर देणे सोडून देते. मग ‘आमची मुले बोलतच नाहीत’ अशी तक्रार शिक्षकच करतात. ज्या प्रश्नास ‘नाही’ हे उत्तर चालणार नाही, तो प्रश्न म्हणून विचारूच नये. ‘हात धुऊ या ना?’ हा प्रश्न नव्हे, आज्ञा आहे. ती सरळ आज्ञेच्या रूपातच द्यावी.

काही गोष्टी मतास टाकावयाच्याच नसतात. पंगतीत कोणी कोणाशेजारी बसावे, माठातले पाणी कोणी घ्यावे, कोणास खेळात घ्यावे, हे बहुमताने ठरत नाही. एखाद्या वस्तीतील मुलाशेजारी बसावयास इतर सर्व मुलांनी नकार दिला, तरी त्या मुलाची जागा कायम राहते. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, ती मतमोजणी करून नव्हे. शिक्षकांनी येथे मुळीच डगमगू नये. गाव लहान असते आणि पालक दुसऱ्याच दिवशी दारात येऊन उभे राहतात, हे खरे असले तरी.

पहिल्या निवडणुकीची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. मतदारयाद्या करताना अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. बालवाडीतही ‘ए पोरी’, ‘पाटलांचा धाकटा’ अशी हाक ऐकू येते. चिंचोका देताना प्रत्येकास त्याच्या स्वतःच्या नावाने बोलवावे.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यात त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा मुलांस दोष न देता बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच रूढ झाला. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीतही पाऊल शिक्षकानेच पुढे टाकावयाचे असते. मुलाच्या घरच्या बोलीतील चार शब्द शिकावेत आणि प्रश्न त्या बोलीत विचारावा.

एवढे करूनही एखादे मूल वाडग्यापाशी जाते व चिंचोका मुठीत तसाच धरून परत येते. त्याच्याकडून तो काढून घेऊ नये, अथवा त्याचा हात धरून कोणत्याही वाडग्यात टाकवू नये. चिंचोका त्याच्याजवळ राहू द्यावा. टाचणवहीत त्या दिवसाच्या तारखेसमोर त्याचे नाव लिहावे, आणि पंधरा दिवसांनी ती पाने उलटून पाहावीत. तेच नाव वारंवार दिसले, तर सायंकाळी त्या मुलाच्या घरी जाऊन थोडा वेळ बसावे.