फ्रेमवर्क म्हणजे काय?

हल्लीं संगणकाचा थोडाफार नाद असलेला कोणताहि विद्यार्थी भेटला, म्हणजे ‘फ्रेमवर्क’ हा शब्द त्याच्या तोंडीं हटकून येतो. पालकमंडळीहि आम्हांस विचारतात कीं, “सर, मुलगा जँगो शिकतों म्हणतो, तें काय आहे, व त्याचा पुढें उपयोग काय?” ह्या प्रश्नांचें उत्तर शाळेच्या फाटकाशीं उभ्या उभ्या देतां येत नाहीं, म्हणून तें येथें देण्याचें योजिलें आहे.

‘जँगो’ हें पायथन भाषेंत रचलेलें फ्रेमवर्क असून वेबसाइट तयार करण्याच्या कामीं येतें. त्याचा जन्म अमेरिकेच्या कॅन्सस राज्यांत, लॉरेन्स गांवच्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ ह्या वर्तमानपत्राच्या कचेरींत झाला. तेथें एड्रियन होलोवाटी व सायमन विलिसन हे दोघे प्रोग्रॅमर २००३ सालीं काम करीत होते. वर्तमानपत्राचें काम घड्याळाशीं बांधलेलें. आज मागितलेलें पान आजच पाहिजे! प्रत्येक नव्या कामासाठीं तीच माहिती साठविण्याची, तेच फॉर्म तपासण्याची उठाठेव पुन्हां पुन्हां कोण करणार? तेव्हां जें सर्वत्र सारखें, तें एकदांच नीट लिहून बाजूस काढण्यांत आलें, व जुलै २००५ मध्यें तें सर्व जगास विनामूल्य खुलें झालें. नांव मात्र जँगो राइनहार्ट ह्या गिटारवादकाचें. आगींत भाजून ह्या गृहस्थाच्या डाव्या हाताचीं दोन बोटें जवळजवळ निकामी झालीं होतीं, तरी उरलेल्या बोटांवर त्यानें कीर्ति मिळविली. ह्या गोष्टीचा संगणकाशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु मुलें विचारतात, म्हणून सांगितली.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. प्रोग्रॅमिंगमध्यें ‘लायब्ररी’ म्हणून एक प्रकार असतो. ती सुताराच्या हत्यारपेटीसारखी आहे. रंधा हवा तेव्हां काढावा, काम झालें कीं ठेवून द्यावा. केव्हां काय काढावयाचें, हें सुतार ठरवितो. फ्रेमवर्काचें तसें नाहीं. तें शाळेच्या वेळापत्रकासारखें आहे. तास केव्हां सुरू व्हावयाचा हें शिक्षक ठरवीत नाहीं. घंटा होते, आणि ज्याचा तास असेल तो वर्गांत जातो. वर्गांत काय शिकवावयाचें तें मात्र त्याचें काम. त्याचप्रमाणें जँगोमध्यें आपण लिहिलेल्या फंक्शनला आपण हांक मारीत नाहीं. फ्रेमवर्क योग्य वेळीं त्यास बोलावितें. नवशिक्यास प्रथम हेंच उमगत नाहीं. “हें फंक्शन लिहिलें मीं, पण तें चालविलें कोणीं?” असें आमच्या एका विद्यार्थिनीनें विचारिलें, तेव्हां आम्हांस मनापासून आनंद झाला. ज्यास हा प्रश्न पडला, त्यास अर्धें फ्रेमवर्क समजलें.

हें बोलावणें कसें होतें तें पाहूं. आमच्या मुलांनीं शाळेच्या ग्रंथालयाची यादी जँगोमध्यें केली आहे, तिचेंच उदाहरण घेऊं. कोणी यादीचें पान उघडलें, म्हणजे ब्राउझरकडून एक मागणी येते. तिच्यावर पत्ता असतो. कोणत्या पत्त्याची मागणी कोणाकडे न्यावयाची, हें ‘यूआरएल’च्या फाइलींत लिहिलेलें असतें, कचेरीच्या दाराशीं बसलेल्या शिपायाप्रमाणें ती फाइल मागणीस योग्य मेजाकडे धाडते. त्या मेजावरील कारकून म्हणजे ‘व्ह्यू’. आपण लिहिलेलें फंक्शन तें हेंच. कारकून दप्तरांतून माहिती काढतो. दप्तराचे रकाने कोणते, हें सांगणारें तें ‘मॉडेल’. माहिती ज्या छापील नमुन्यांत भरावयाची तो ‘टेंप्लेट’. भरलेला कागद ब्राउझरकडे परत जातो, आणि मागणाऱ्यास पान दिसतें.

ह्यांपैकीं मॉडेलविषयीं अधिक बोललें पाहिजे, कारण त्यानेंच आम्हांस गेल्या वर्षीं रडविलें. मॉडेल हें दप्तर नव्हे. तें दप्तराचें वर्णन होय. खरी नोंदवही डेटाबेसमध्यें असते. मॉडेलमध्यें नवा रकाना लिहिला, म्हणून नोंदवहींत तो आपोआप उमटत नाहीं. त्यासाठीं दोन आज्ञा द्याव्या लागतात. ‘मेकमायग्रेशन्स’ ह्या आज्ञेनें बदलाचा लेखी हुकूम तयार होतो, व ‘मायग्रेट’ ह्या आज्ञेनें त्याची अंमलबजावणी होते. मुलांनीं पुस्तकाचें नांव व लेखक हे रकाने करून तीन आठवडे मधल्या सुटींत नोंदी भरल्या होत्या. मग एकाच्या मनांत आलें कीं, कपाटाचा क्रमांकहि असावा. त्यानें मॉडेलमध्यें ओळ वाढविली व पहिली आज्ञा दिली. तों जँगोनें उलट प्रश्न केला: हा रकाना रिकामा ठेवतां येत नाहीं, मग ज्या नोंदी आधींच आहेत, त्यांत काय भरूं? प्रश्न इंग्रजींत, आणि मुलगा घाईंत. त्यानें तो न वाचतांच बंद केला. पान उघडावयास जातो, तों असा रकानाच नाहीं अशी तक्रार. कोठेंतरी वाचलेला उपाय म्हणून त्यानें डेटाबेसची फाइल व मायग्रेशनच्या जुन्या फाइली पुसून टाकल्या, आणि दोन्ही आज्ञा नव्यानें दिल्या. ह्या वेळीं प्रश्न आला नाहीं, तक्रारहि दिसली नाहीं. मुलगा आनंदानें आम्हांस बोलावण्यास आला. यादी उघडली, तिच्यांत एकहि पुस्तक नव्हतें.

दोष त्याचा एकट्याचा नव्हे. फाइलीची प्रत निराळी ठेवा, असें आम्हीं सांगावयास हवें होतें. तें सांगितलें नाहीं.

पालकांच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. जँगो येत असल्यास नोकरीच्या कामीं उपयोग होतो, हें खरें. परंतु थोडक्या दिवसांत फ्रेमवर्क शिकवूं म्हणणाऱ्यांस पैसे देण्यापूर्वीं, मुलास पायथनमध्यें फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी व क्लास हीं कोणाचें न पाहतां लिहितां येतात काय, तें पाहावें. जँगोच्या वेबसाइटवर शिकाऊ धडे फुकट आहेत; त्यांत मतदानाचें एक लहानसें ॲप पायरी-पायरीनें करून दाखविलें आहे. तें नुसतें उतरवून काढण्यास एक दुपार पुरे. आम्ही मुलांस प्रत्येक फंक्शनशीं थांबवून, “ह्यास कोण बोलावितें?” असें विचारतों, आणि मग महिना लागतो. कांहीं मुलें कंटाळतात, हें कबूल केलें पाहिजे.

नोंदी पुन्हां भरून झाल्या. यंदा मुलांस पुस्तकाच्या भाषेचा रकाना हवासा झाला, व तोच प्रश्न पुन्हां पडद्यावर आला. “सगळ्यांत ‘मराठी’ भरून टाकूं,” असें एक जण म्हणाला. गेल्या वर्षींचा तो मुलगा म्हणाला, “मग इंग्रजी पुस्तकांचें काय?” त्यानें आधीं डेटाबेसची प्रत काढून ठेवली, मॉडेलमध्यें हा रकाना तूर्त रिकामा राहूं दिला, आणि मंडळी कागद घेऊन ग्रंथालयांत गेली. हें लिहीत असतां तिसऱ्या कपाटाचें काम चाललें आहे.