विश्लेषण : तलाठ्याचे दप्तर मिळते, त्यामागची माहिती कोण देणार?

मराठवाड्यातील तलाठी सज्जांवर सध्या पिढी बदलते आहे. हाताने सातबारा लिहीत नोकरीला लागलेले तलाठी निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या खुर्चीवर २०२३ च्या भरतीतून आलेले पदवीधर बसत आहेत. पदाचे नावही २०२४ मध्ये बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले. दप्तराच्या यादीवर सही करून कार्यभार घेणे हे एका दिवसाचे काम. पण कोणत्या गटाचा वाद कुठे अडला आहे, कोणती नोंद जुन्या कागदावरून तपासावी लागते, हे त्या यादीत नसते. नांदेड आणि लातूरसारख्या जिल्ह्यांत ही उणीव जास्त का जाणवते?

हा बदल आताच का?

राज्य सरकारच्या गट ‘क’ कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ आहे. म्हणजे आज निवृत्त होणारे तलाठी साधारण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जन्मलेले. त्यांनी कार्बन लावून उतारे दिले, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरचे पुनर्वसन पाहिले, हस्तलिखित सातबारा संगणकावर चढताना त्यातील चुका दुरुस्त केल्या आणि अखेरच्या वर्षांत ई-फेरफार व ई-पीक पाहणीही शिकून घेतली. कागद आणि संगणक, दोन्ही बाजू माहीत असलेली ही शेवटची पिढी.

दुसऱ्या बाजूला २०२३ ची भरती. राज्यात ४,६४४ पदांची जाहिरात निघाली आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऑनलाइन परीक्षा झाली. पात्रता कोणत्याही शाखेची पदवी. त्यामुळे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून विज्ञान शाखेची पदवी घेऊन, लातूरच्या अभ्यासिकेत दोन-तीन वर्षे काढलेला तरुणही या पदावर येऊ शकतो आणि जमिनीचा कायदा पहिल्यांदा नोकरीतच उघडतो.

निवृत्त होणारा जुन्या निवृत्तिवेतनाचा हक्कदार असतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना ती योजना मूळ स्वरूपात लागू नाही. एकाच खुर्चीवर एकापाठोपाठ बसणाऱ्या दोघांत इतके अंतर आहे.

लातूर आणि नांदेडची गोष्ट वेगळी कशी?

जानेवारी २०२४ मध्ये निवड याद्या लागल्या तेव्हा लातूरसह २३ जिल्ह्यांची नावे आली. अनुसूचित म्हणजे ‘पेसा’ क्षेत्र असलेल्या १३ जिल्ह्यांचे निकाल न्यायालयीन प्रकरणामुळे थांबले. किनवट परिसरामुळे नांदेड त्या तेरांत होता. शेजारी असूनही दोन जिल्ह्यांची वेळापत्रके वेगळी झाली.

अशा विलंबाचा परिणाम साधा असतो. निवृत्तीची तारीख कोणासाठी थांबत नाही. जुना तलाठी महिनाअखेर जातो, नवा यायला महिने लागतात आणि मधल्या काळात शेजारच्या सज्जाचा तलाठी अतिरिक्त कार्यभार सांभाळतो. नवा माणूस येतो तेव्हा दप्तर त्याला जाणकाराकडून नव्हे, ते तात्पुरते सांभाळणाऱ्याकडून मिळते. विचारायचे प्रश्न तयार असतात, उत्तर देणारा मात्र घरी गेलेला असतो.

खरे तर निवृत्तीइतकी आधी कळणारी रिक्त जागा दुसरी नाही. कर्मचारी रुजू होतो त्याच दिवशी त्याच्या सेवापुस्तकात जन्मतारीख लिहिली जाते आणि त्यावरून निवृत्तीचा महिना ठरतो. तरीही त्या महिन्याआधी उत्तराधिकारी शेजारी बसवण्याची सोय प्रत्यक्षात क्वचितच होते.

परीक्षेत काय आणि कामात काय?

भरतीची परीक्षा २०० गुणांची होती. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन-अंकगणित या चार विषयांवर प्रत्येकी २५ प्रश्न. हुशार उमेदवार निवडण्यासाठी ते ठीक. पण पहिल्याच आठवड्यात समोर येतात ते गाव नमुना १ ते २१, वारस नोंदी, हद्दीचे वाद आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. रुजू झाल्यावर प्रशिक्षण मिळते, विभागीय दुय्यम सेवा परीक्षाही ठरावीक संधींत उत्तीर्ण व्हावी लागते. कायदा त्यातून कळतो. गाव कळत नाही.

संगणकावर मात्र नव्यांचा हात चांगला बसलेला असतो. जुन्यांना जड गेलेल्या कामाचा ते चटकन निपटारा करतात. अडचण येते ती पडद्यावर नसलेल्या माहितीची.

मराठवाड्याचे दप्तर वेगळे का?

कारण हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळचे बरेच महसुली कागद उर्दूत किंवा मोडीत आहेत. त्यांवर फसली सन असतो. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो.

कायदेही वेगळे. कुळांच्या प्रकरणात पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबई कायदा पाहतात, तर मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागतो. इनामे रद्द करणारा हैदराबादचा कायदाही निराळा आहे. मदतमाश, खिदमतमाश असे शब्द पुणे-साताऱ्याच्या धर्तीवर तयार झालेल्या मार्गदर्शक पुस्तकांत सहसा भेटत नाहीत. जुना हक्क तपासायचा तर १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक काढावे लागते.

लातूरची आणखी एक गुंतागुंत आहे. हा जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. त्याआधी, १९५६ पर्यंत, उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. त्यामुळे एखाद्या गावाचा जुना कागद शोधताना आधी तो गाव त्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात होता, हे पाहावे लागते.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा या जुन्या कागदांचे महत्त्व आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांची निकड सर्वांनाच दिसली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने गावपातळीवरील चौकशी समितीत ग्राम महसूल अधिकाऱ्यालाही घेतले. म्हणजे काल रुजू झालेल्या तरुणाला आज गावातील वंशावळींच्या चौकशीत बसावे लागते.

पूर्वी हे ज्ञान कसे टिकत होते?

निजाम काळात पटवारीपद वतनी होते. बापाचे काम मुलगा घरातच शिकायचा. दप्तर घरात, माहितीही घरात. त्यामुळे हस्तांतरणाचा प्रश्न आला नाही. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की, गावाच्या जमिनीची चावी एका घराच्या हाती राहिली. वतने गेली, पगारी आणि बदली होणारा तलाठी आला, तो याच कारणाने. नोंद सरकारची, माणूस बदलता, ही त्यामागची भूमिका होती.

आजही गावात न बदलणारा एक दुवा आहे : कोतवाल, म्हणजे आताचा महसूल सेवक. तो स्थानिक असतो. कोणाचे शेत कुठून सुरू होते, कोणत्या खातेदाराचा मुलगा पुण्यात आहे, कोणत्या दोन भावांचे बोलणे बंद आहे, हे त्याला माहीत असते. नव्या अधिकाऱ्याचा खरा पहिला शिक्षक बहुधा तोच.

शेतकऱ्याचे काय अडते?

फेरफाराचे उदाहरण घ्या. खातेदार वारला की वारसांनी अर्ज करायचा. तलाठ्याने नोंद घ्यायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी १५ दिवस थांबायचे आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. हरकत आली तर प्रकरण वादग्रस्त नोंदवहीत जाते. नेमकी इथेच माणूस बदलला आणि अर्धवट प्रकरणांची टिपणे नसली, तर अर्जदाराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

एरवी हा केवळ हेलपाट्यांचा प्रश्न. आपत्तीत तो पैशांचा होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने हाहाकार उडवला, सप्टेंबरमध्ये मराठवाड्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. नुकसानीचा पंचनामा महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत या तीन खात्यांचे गावपातळीवरील कर्मचारी करतात. शेत खरडून गेले, बांध वाहून गेला, तेव्हा कोणाचा गट कुठे संपतो हे नकाशाबरोबर आठवणीवरही ठरते. शिवाय सातबारावर मृत वडिलांचे नाव असेल किंवा खाते सामाईक असेल, तर मदतीची रक्कम संमती आणि वारस नोंदीपाशी अडते. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली, ती उगाच नव्हे.

जुन्यांचे सगळेच घ्यावे का?

नाही. अनुभवी तलाठ्याच्या माहितीचे दोन भाग असतात. एक भाग सर्वांचा असतो : कोणते रजिस्टर कुठे आहे, कोणत्या सर्व्हे क्रमांकाचा कोणता गट झाला, कोणते अपील उपविभागीय अधिकाऱ्यांकडे प्रलंबित आहे, भूकंपानंतर वसलेल्या नव्या गावठाणाची जमीन मूळ कोणाची. हे कागदावर उतरलेच पाहिजे.

दुसरा भाग ओळखीचा असतो : कोणाचे काम आधी, कोणाला थांबवायचे, कोणाच्या शब्दावर नोंद घ्यायची. हा भाग निवृत्तीबरोबर गेलेलाच बरा. गावात नातेगोते नसलेला, सत्काराच्या हारांशी आणि जुन्या रागलोभाशी देणेघेणे नसलेला नवा अधिकारी ही सामान्य खातेदारासाठी संधीही असते. मात्र पहिला भाग त्याच्या हाती नसेल, तर तो दुसऱ्या भागाच्या जाणकारांवर, म्हणजे गावातील वजनदार मंडळींवर, विसंबतो. सज्जाची खरी कसोटी इथे लागते.

उपाय काय?

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. निवृत्तीच्या आधी महिनाभर तरी उत्तराधिकाऱ्याला त्याच सज्जावर बसवणे, दोघांनी मिळून शिवारफेरी करणे, आणि दप्तराच्या यादीसोबत ‘प्रलंबित व वादग्रस्त बाबींचे टिपण’ सक्तीचे करणे, एवढ्याने बरेच साधेल. एका गावासाठी चार-पाच पाने पुरतात. त्यावर दोघांच्या आणि मंडळ अधिकाऱ्याच्या सह्या हव्यात, म्हणजे ते खासगी वहीत राहणार नाही. मोडी आणि उर्दूचे प्राथमिक वाचन मराठवाड्यातील प्रशिक्षणाचा भाग करता येईल. नव्यांनीही पहिल्या महिन्यात महसूल सेवकाला सोबत घेऊन गाव पायी पाहिले, तर पुढची अनेक वर्षे सोपी जातात.

खातेदारांनी काय करावे?

सज्जावर माणूस बदलला की आपला सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन काढून तपासावा. अर्ज प्रलंबित असेल तर त्याची पोच आणि फेरफार क्रमांक जपून ठेवावा, नव्या अधिकाऱ्याला त्याची प्रत द्यावी. फेरफाराची सद्यःस्थिती ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर दिसते. तोंडी आश्वासन देणारा निवृत्त होतो. पोच दप्तरात राहते आणि नव्या माणसाला तिचे उत्तर द्यावेच लागते.