लेखांक चौथा : बंदुकीविना टोळी

दरोड्याला किमान पाच माणसे लागतात आणि कटाला दोन पुरतात, हे मागच्या लेखांकात पाहिले. पण ही दोन्ही कृत्ये एका रात्रीत संपू शकतात. संघटित गुन्हेगारीची खूण तिच्या सातत्यात आहे. म्हणूनच 1999 च्या मकोकाने मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे आणि न्यायालयाने घेतलेली त्यांची दखल ही अट घातली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 111 मध्येही हेच सूत्र आहे. आपल्याकडे टोळी म्हटले की मुंबईतली खंडणी आणि सुपारीच डोळ्यांसमोर येते. कायदा मात्र हिंसा आणि धमकी यांच्याबरोबर ‘अन्य बेकायदा मार्ग’ही मोजतो. हे शब्द फार महत्त्वाचे आहेत, आणि ते कळायला तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम-पापनाशम् परिसराकडे पाहावे.

कावेरीच्या या खोऱ्यात गावोगावी चोळकालीन देवळे आहेत. काहींत नित्यपूजाही उरलेली नाही, पण पंचधातूच्या मूर्ती आहेत. कोळ्ळिडम नदीपलीकडच्या श्रीपुरंदानचा नटराज 2006 मध्ये चोरीला गेला, आणि ते उघडकीस आले 2008 मध्ये. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो सुमारे 50 लाख डॉलरना विकत घेतला होता. विक्रेता होता न्यूयॉर्कचा सुभाष कपूर. मूर्ती 1970 च्या सुमारास दिल्लीत एका सुदानी मुत्सद्द्याने घेतली होती, असे कागद त्याने जोडले होते. तारीख विचारपूर्वक निवडलेली होती, कारण पुरावस्तूंचा कायदा 1972 चा. पण पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात याच मूर्तीचे, देवळातच टिपलेले, 1990 च्या दशकातले छायाचित्र होते. 2014 मध्ये नटराज परत आला. कुलूप फोडणारा, माल बाहेर पाठवणारा, खोटा पूर्वेतिहास रचणारा, विकणारा, अशी ही साखळी होती. तिला गोळी झाडावी लागली नाही.

कोणी म्हणेल, मग प्रत्येक भुरट्या चोराला टोळीवाला ठरवणार का? भीती रास्त आहे. कठोर कायद्यांचा गैरवापर आपण पाहिला आहे. पण एकाहून अधिक आरोपपत्रांची अट त्यासाठीच आहे, आणि ती सैल करू नये. दुसरा आक्षेप असा की साधा चोरीचा कायदा पुरेसा आहे. देवळातील मूर्तीच्या चोरीला आज सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे खरे. पण ते कलम चोरीच्या रात्रीपुरते पाहते, पैसा मात्र पुढच्या टप्प्यांत मिळतो. वरदराज पेरुमाळ या दुसऱ्या मंदिरातील मूर्तींच्या प्रकरणात कुंभकोणमच्या न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये कपूरला दहा वर्षांची शिक्षा दिली. तो फ्रँकफर्टला पकडला गेला होता 2011 मध्ये; निकालाला इतका वेळ लागला.

कलम 111 च्या यादीत वाहनचोरी नावानिशी आहे, मूर्तीचोरी नाही. ‘अवैध वस्तूंची तस्करी’ या शब्दांत ती बसवता येईल, पण त्यासाठी प्रत्येक वेळी वकिलाला झगडावे लागेल. संसदेने तिचे नाव या यादीत घालावे.