फिट येण्यापूर्वीची सूचना : ओळखा, सांगा, लपवू नका



आपल्या वस्तीत किंवा शाळेच्या वर्गात एखादा मुलगा एकाएकी खाली कोसळतो. हातपाय झाडू लागतो, तोंडाला फेस येतो. भोवती गर्दी जमते. कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा फोडतो, कोणी मुठीत किल्ली कोंबतो. दुसऱ्या दिवशी घरचे लोक त्याला भगताकडे नेतात आणि शेजाऱ्यांना सांगतात, "उन्हाने चक्कर आली होती." या दोन्ही गोष्टी घातक आहेत, हे आम्हाला येथे सांगावयाचे आहे.

फिट, मिरगी, फेफरे, आकडी अशी अनेक नावे असलेला हा आजार म्हणजे अपस्मार होय. मेंदूच्या पेशींचे काम सूक्ष्म विद्युत संदेशांवर चालते. हे संदेश काही क्षण बेबंद झाले की फिट येते. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी 1924 साली मानवी मेंदूच्या विद्युत लहरी प्रथम नोंदविल्या. ज्याचा आलेख कागदावर उमटतो, ते भूत कसे असेल? हा आजार स्पर्शाने किंवा उष्ट्याने पसरत नाही. डोक्याला मार, मेंदूज्वर, जन्मावेळची इजा, आनुवंशिकता ही त्याची काही कारणे आहेत. आपल्या देशात मेंदूत शिरणारे फीतकृमीचे जंतू हेही एक मोठे कारण आहे. या कृमीची अंडी अस्वच्छ हातांतून, पाण्यातून आणि न धुतलेल्या भाज्यांतून पोटात जातात. म्हणून शाकाहारी माणसालाही हा त्रास होऊ शकतो.

फिट नेहमीच न सांगता येते असे नाही. काहींना एक दिवस किंवा काही तास आधीपासून चिडचिड होते, उदास वाटते. काहींना काही क्षण आधी पोटातून काहीतरी वर सरकल्यासारखे वाटते, नसलेला वास येतो, विनाकारण भीती वाटते, डोळ्यांपुढे प्रकाश चमकतो, एका हाताला मुंग्या येतात किंवा 'हे पूर्वी घडले आहे' असे वाटते. क्षणांपूर्वीची ही जाणीव म्हणजे मेंदूच्या एका भागात सुरू झालेली छोटी फिटच असते. किशोरवयीन मुलांचे हात सकाळी उठल्यावर झटके देऊन हातातील कप पडत असेल, तर त्याला धांदरटपणा समजू नये. डॉक्टरांना दाखवावे.

सूचना मिळताच काम सोडून जमिनीवर बसावे किंवा आडवे व्हावे. चूल, विहीर, जिना व रस्ता यांपासून दूर व्हावे आणि जवळच्या माणसाला सांगावे. सर्वांनाच अशी सूचना मिळत नाही. म्हणून रुग्णाने एकट्याने पोहू नये, उंचावर चढू नये. एका वहीत फिटची तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, चुकलेली गोळी आणि आधी काय जाणवले याची नोंद ठेवावी. चुकलेली गोळी, जागरण, दारू व ताप ही फिट येण्याची नेहमीची निमित्ते आहेत. परीक्षेच्या काळात रात्र जागविणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

फिट आली असता घड्याळ पाहावे. डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावे. झटके थांबताच कुशीवर वळवावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. फिट 5 मिनिटांपेक्षा अधिक चालली, शुद्ध न येता पुन्हा आली, पहिलीच असली, इजा झाली किंवा बाई गरोदर असली, तर त्वरित रुग्णालयात न्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटमुक्त राहू शकतात. मात्र बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

मग लपवाछपवी कशासाठी? बहुतेक वेळा मुलीच्या लग्नासाठी. बौद्धांनाही लागू असलेल्या 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात 1976 साली वारंवार फिट येणे हे विवाहास अपात्रतेचे कारण ठरविले गेले होते. 1999 च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. कायदा बदलला, आपली मने बदलावयाची आहेत. लपविलेल्या आजारात सासरी गोळी चुकते, आणि सूचना जाणवूनही मुलगी "मला धरा" असे म्हणू शकत नाही. ती चुलीजवळ एकटीच पडते. म्हणून लग्नापूर्वीच मोकळेपणाने सांगावे आणि ऐकणाऱ्यांनीही समजूतदारपणे ऐकावे.

अतिसाराने पीडित, सहकाऱ्यांनी दुर्लक्षिलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः स्नान घातले. बाबासाहेबांनी 1956 साली आपल्याला दिलेल्या 22 प्रतिज्ञांत प्रज्ञा आणि करुणा यांना स्थान आहे. फिटचे कारण जाणणे ही प्रज्ञा होय आणि पडणाऱ्याला वेळीच हात देणे ही करुणा होय. आपल्या विहारात, वर्गात आणि घरात रुग्णाला "मला आता फिट येणार आहे" असे निःसंकोच म्हणता आले पाहिजे. एवढे झाले तरी अनेक अपघात टळतील.

जय भीम!