जुन्या वाड्यांतील जेवणाची बैठक

भीमाशंकराच्या देवळाचें शिखर बांधविणाऱ्या नाना फडणिसांचा एक वाडा वाईजवळ मेणवलीस कृष्णाकांठीं आहे. अशा वाड्याची डागडुजी झाली, कीं तेथें जेवावयास बसावें कशावर, हा प्रश्न उभा राहतो. बाजारचीं टेबलखुर्च्या आणणें सोपें. पण जुना वाडा मांडी घालून बसणाऱ्याच्या मापानें बांधलेला असतो. माडीवरच्या खिडक्या जमिनीलगत, कोनाडे हाताशीं. खुर्चीवर चढलेल्या पाहुण्याला बाहेरची नदी दिसत नाहीं, समोरची भिंत तेवढी दिसते!

म्हणून पाटच घडवावे, आणि तेही जागा मोजून. मांडी घालण्यास दोन फूट रुंदी लागते. वाढप्याची वाट निराळी सोडावी. सागवानी फळीखालीं दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे फळी वाकत नाहीं व पावसाळ्यांत फरशीची ओल तिला लागत नाहीं. गुडघे धरलेल्यांसाठीं मात्र दीड वीत उंचीचें बाक हवें, आणि ताटासाठीं त्याहून उंच चौरंग. हें बाक खांबास खिळूं नये. शंभर वर्षें टिकलेल्या लांकडास भोंक पडलें, कीं तेथूनच ओल शिरते.