दोन चाके, दोन कोन

समजा, तुम्ही मित्रांनी मिळून विजेवर चालणारी छोटी गाडी बांधायला घेतली. पुढची चाके, स्प्रिंगा आणि स्टिअरिंग जुन्या गाडीचे घ्यायचे ठरले. पण कोणत्या गाडीचे?

कागदावर आकृती काढा. पुढच्या-मागच्या आसांत अंतर २ मीटर, डाव्या-उजव्या चाकांत १.२ मीटर. वळताना चारही चाके एकाच बिंदूभोवती फिरायला हवीत. हा बिंदू मागच्या आसाच्या रेषेवर, आतल्या चाकापासून ४ मीटरवर धरा. आता कोनमापक लावा. पुढचे आतले चाक सुमारे २७ अंश वळवावे लागेल, बाहेरचे २१ अंशच! दोन्ही सारखीच वळली, तर टायर घासत जातील आणि बॅटरीतली वीज वाया जाईल.

यावरची युक्ती म्युनिकमधील घोडागाड्या बनवणारे लांकेन्सपेर्गर यांची. लंडनमध्ये १८१८ साली आकरमान यांनी तिचे पेटंट घेतले. पुढच्या चाकांना जोडलेले, मागे वळलेले दोन दांडे किंचित आत तिरपे ठेवतात. त्यांच्या रेषा वाढवल्या, की मागच्या आसाच्या मध्याजवळ मिळतात. म्हणूनच लांब गाडीचे दांडे आखूड गाडीला लावले, तर कोन चुकतात.

स्प्रिंगांचेही तसेच. त्या मूळ गाडीच्या वजनाला बेतलेल्या असतात. जड बॅटऱ्या मागे ठेवल्या, तर मागच्या स्प्रिंगा दबून बसतील.

तेव्हा आधी दोन गोष्टी मोजा: आसांमधले अंतर आणि प्रत्येक चाकावरचे वजन. आणि वाकलेला किंवा तडा गेलेला दांडा जोडकाम करून कधीही वापरू नका. धावत्या गाडीत तो तुटला, तर स्टिअरिंग हातात राहील, पण चाक वळणार नाही!